मेणबत्ती, पातेले आणि महायुद्ध

युद्धाचे चित्र म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक देखावा उभा राहतो. उधळलेले घोडे, परजलेल्या तलवारी, धुराचे लोट, तटावर चढणारे वीर आणि वर कोपऱ्यात फडकणारे निशाण. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तोसुद्धा याच देखाव्याबरहुकूम. किल्ल्यावर मावळे हवेत, तोफ हवी, पायथ्याशी शत्रू हवा. किल्ल्यातल्या मुदपाकखान्यात त्या दिवशी काय शिजले होते, हे कोणी मातीत करून ठेवीत नाही.

परंतु गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्या युद्धात, शत्रूच्या टाचेखाली असलेल्या शहरात राहून, जगातल्या एका नामवंत चित्रकाराने नेमके हेच केले. पाब्लो पिकासोने पॅरिसमध्ये त्या वर्षांत जी चित्रे काढली, त्यांतली माणसांची चित्रे बाजूला ठेवली तर उरतात ती पाण्याची सुरई, मेणबत्ती, सुरीकाटे, कांद्याच्या पातीची भावंडे शोभतील अशा भाज्या, एखादी कवटी आणि एक पातेले. रणगाडे आणि विमाने यांचा पत्ता नाही.

हा लेख मी लिहितो आहे घोडेगावाहून. नगर जिल्ह्यातला नेवासे तालुका. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनीच्या शिंगणापूरला वळायचा फाटा लागतो, तेच आमचे गाव. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी जिभेला 'नगर'ची सवय आहे. गावाला घोडेश्वरीचा आधार, म्हशींच्या बाजाराचा लौकिक आणि कांद्याच्या लिलावाची चिंता. अशा गावातल्या ड्रॉइंग मास्तराचा पिकासोशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो कांद्याचाच आहे! तो पुढे येईलच.

आमच्या विषयात 'स्थिरचित्र' नावाचा एक प्रकार असतो. इंटरमिजिएट ग्रेडच्या परीक्षेला बसलेल्या तुमच्या मुलामुलींना तो चांगला ठाऊक असेल. टेबलावर एक तांब्या, एक पातेले, दोन कांदे, एखादे वांगे मांडायचे, मागे पडदा सोडायचा, उजेड एका बाजूने येईल असे पाहायचे आणि मुलांना म्हणायचे, काढा. मुलांचा हा नावडता प्रकार. हलत नाही, बोलत नाही, असल्या गोष्टीत काढायचे काय? म्हणून एके वर्षी मी वर्गात पिकासोच्या युद्धकाळातल्या स्थिरचित्रांच्या छापील प्रती लावल्या आणि त्यांची हकीकत सांगू लागलो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, गावात शत्रू घुसलेला, आणि हा पातेलं काढत बसला? याला काहीच वाटलं नाही का?"

प्रश्न रोकडा होता. त्याला तितकेच रोकडे उत्तर द्यायला हवे, म्हणून हकीकत मुळापासून सांगतो.

पिकासोचा जन्म १८८१ चा, स्पेनमधल्या मालागा गावचा. पण त्याचे कर्तृत्व घडले ते पॅरिसमध्ये. १९३७ च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी स्पेनमधल्या गर्निका या गावावर बॉम्बवर्षाव केला, तेव्हा त्याने त्या नावाचे अजस्र चित्र रंगवून त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. म्हणजे युद्धावर थेट बोलायला तो घाबरणारा नव्हता. पुढे १४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. त्या वेळी तो समुद्रकाठच्या रवायाँ गावी होता. अमेरिकेत या, मेक्सिकोत या, अशी बोलावणी त्याला आली होती. कित्येक कलावंत गेलेही. पिकासो मात्र ऑगस्टमध्ये पॅरिसला परतला आणि ग्रां-ऑगस्तँ रस्त्यावरच्या आपल्या चित्रशाळेत राहू लागला.

त्याची स्थिती मोठी चमत्कारिक होती. स्पेनमध्ये फ्रँकोची सत्ता. तिकडे परतणे अशक्य. एप्रिल १९४० मध्ये त्याने फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, तो सरकारने नामंजूर केला. जर्मनांच्या लेखी त्याची कला 'भ्रष्ट' होती, त्यामुळे चित्रे प्रदर्शनात मांडायला बंदी. म्हणजे घर होते पण गाव नव्हते, चित्रे होती पण भिंत नव्हती. जर्मन अधिकारी चित्रशाळेत चौकशीला येत. त्यांच्यापैकी एकाने 'गर्निका'चे छायाचित्र पाहून "हे तुम्ही केलेत का?" असे विचारले, आणि पिकासोने "नाही, तुम्ही केलेत" असे उत्तर दिले, ही गोष्ट अनेक रूपांत सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, ती टिकली याचा अर्थ लोकांना ती हवी होती.

आता कांद्याकडे येऊ. १९४१ चा जानेवारी. पॅरिसमध्ये कडाक्याची थंडी, कोळशाची टंचाई, खाण्याच्या जिनसांना शिधापत्रिका, आणि रात्री रस्त्यावर फिरायला मनाई. अशा चार दिवसांत पिकासोने चक्क एक नाटक लिहिले. 'शेपटीने पकडलेली इच्छा' असे काहीसे त्याचे नाव. नाटकातली पात्रे भुकेने आणि थंडीने हैराण झालेली. त्यात एका पात्राचे नाव आहे 'कांदा'! आमच्या गावात कांदा रडवतो, हसवतो, कर्ज फेडतो, कर्ज वाढवतो. पण रंगभूमीवर प्रवेश करण्याचा मान त्याला पॅरिसमध्ये मिळाला. १९ मार्च १९४४ रोजी मिशेल लेरिस या लेखकाच्या घरी या नाटकाचे वाचन झाले. सूत्रे आल्बेर काम्यूच्या हाती, आणि वाचणाऱ्यांत ज्यां-पॉल सार्त्र व सिमोन द बोव्हार. शहरावर शत्रूचा पहारा, आणि आत देशातले नामांकित लेखक कांद्याचे संवाद म्हणताहेत! हसू येते, आणि लगेच घशात काहीतरी अडकते.

भुकेचे हेच नाटक चित्रांत उतरले. मे १९४१ मधल्या एका चित्रात स्वयंपाकघराचे टेबल आहे. वर एक दिवा लटकतो. टेबलावर मांसाचे वेटोळे, चीज, बाटली, भाजी आणि एक सुरी. रंग म्हणाल तर राखेचे. टेबलाचा खण उघडा आहे आणि त्यातून काटे-सुऱ्या वर माना काढताहेत. पापक्षालनाच्या यातनालोकातून वर येणाऱ्या आत्म्यांसारखे हे काटे आहेत, अशा अर्थाचे उद्गार पिकासोने काढल्याची नोंद आहे. गृहिणींनी हे चित्र जरूर पाहावे. घरातला डबा रिकामा असला म्हणजे चमच्यांचा आवाज किती मोठा होतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

चित्रशाळेच्या रस्त्यावरच 'ल कातालां' नावाची एक खानावळ होती. पिकासो तिथे जेवायला जाई. मांस विकायला मनाई असलेल्या दिवशी तिथे मांस वाढले गेले, म्हणून तिच्यावर सरकारी धाड पडली होती. त्या खानावळीतले एक मोठे कपाट पिकासो महिनोन् महिने समोर पाहत होता. १९४३ च्या मे महिन्यात त्याने त्याचे चित्र केले. दुसऱ्या दिवशी जेवायला गेला तर कपाट जागेवर नाही! चित्रात घेताना आपण ते नकळत उचलूनच नेले की काय, असे तो पुढे गमतीने सांगे. गंमत खरी, पण ज्या शहरात वस्तू आणि माणसे रातोरात नाहीशी होत होती, त्या शहरातली ही गंमत आहे.

आता ज्या चित्राने आमचा वर्ग गप्प झाला, ते सांगतो. २७ मार्च १९४२ रोजी पिकासोचा जुना स्नेही, शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ वारला. लोखंड जोडून शिल्प कसे करावे, याचे धडे पिकासोने त्याच्यापासून घेतले होते. अंत्यविधीहून परतल्यावर पिकासोने बैलाच्या कवटीची चित्रे काढायला घेतली. त्यांतल्या एकावर ५ एप्रिल १९४२ ही तारीख आहे. ते आज जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात आहे. टेबलावर बैलाची कवटी, शिंगांसकट. मागे बंद खिडकी, आणि तिच्या तावदानांत जांभळट काळोख. दुसरे काही नाही. मित्राचा चेहरा नाही, तिरडी नाही, अश्रू नाहीत.

शहरातल्या वाचकाला हे चित्र कदाचित कोरडे वाटेल. आमच्या वर्गातली निम्मी मुले गोठ्यात वाढलेली. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणारी, त्याला पुरणपोळी भरवणारी. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्याने जनावरांचे जे हाल पाहिले, ते त्यांनी आज्याकडून ऐकलेले. त्यांना त्या कवटीचा अर्थ विचारावा लागला नाही. फ्रेंच भाषेत स्थिरचित्राला जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'मृत निसर्ग' असा होतो. आपला 'स्थिर' हा शब्द सौम्य आहे. पण त्या दिवशी दोन्ही शब्द वर्गात एकत्र बसले होते.

त्याच १९४२ साली पिकासोने बैलाचे आणखी एक डोके केले. सायकलची जुनी खोगीर घेतली, तिच्यावर हँडल शिंगांसारखे बसवले, की झाले बैलाचे तोंड! दहा वर्षांच्या पोरालाही सुचावे असे, आणि जगात दुसऱ्या कोणाला सुचले नाही असे. त्या काळात पॅरिसच्या चौकांतले ब्राँझचे पुतळे धातूसाठी वितळवले जात होते. अशा वेळी पिकासोची शिल्पे गुपचूप ब्राँझमध्ये ओतली जात. मित्र रात्री हातगाडीवर साचे ओतशाळेत नेत आणि घडवलेले शिल्प परत आणीत, असे ब्रासाय या छायाचित्रकाराने लिहून ठेवले आहे. तोफा करण्यासाठी पुतळे वितळवणाऱ्या राज्यात कोणी ब्राँझचा पुतळा ओतीत होते!

तरीही त्या मुलीचा प्रश्न संपत नाही, आणि तो संपवण्याची घाई करू नये. पिकासोने बंदूक उचलली नाही. त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, कवी मॅक्स जॅकब, जन्माने ज्यू म्हणून फेब्रुवारी १९४४ मध्ये पकडला गेला आणि ५ मार्चला द्रांसीच्या छावणीत मरण पावला. त्याच्या सुटकेसाठी पिकासोने हवे तेवढे केले नाही, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. तो आक्षेप पुसून टाकण्याचे मला कारण नाही. दुसरीकडे, १९४१ च्या नोव्हेंबरात दरँ, व्लामँक यांच्यासारखे नावाजलेले फ्रेंच कलावंत जर्मनांच्या आमंत्रणावरून जर्मनीचा दौरा करून आले. १९४२ च्या जूनमध्ये व्लामँकने वृत्तपत्रात लेख लिहून पिकासोवर कडाडून हल्ला केला. आणि पिकासोला तर उघडपणे चित्र मांडायचीही सोय नव्हती. या दोहोंच्या मध्ये त्याची जागा येते. तो वीर नव्हता. तो विकला गेला नाही, पळून गेला नाही, आणि त्याने काम थांबवले नाही. वीरांच्या यादीत हे बसत नाही. पण चार वर्षे रोज सकाळी उठून असे वागून पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळते.

याच काळात आमच्या जिल्ह्यात काय चालले होते, हे आठवले की मला नवल वाटते. पिकासोने बैलाची कवटी रंगवली त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, 'चले जाव'चा ठराव होताच काँग्रेसच्या कार्यकारिणीला मुंबईत पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव. घोडेगावाहून एस.टी.ने तासाभराची वाट. नेहरूंनी तिथे १९४४ मध्ये आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण मौलाना आझादांनी त्या किल्ल्यात काय लिहिले? त्यांनी आपल्या एका स्नेह्याला उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली; धाडण्याची सोय नव्हती, तरी लिहिली. 'गुबारे खातिर' या नावाने ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. काँग्रेसचा अध्यक्ष, देशभर आगडोंब उसळलेला, आणि हा थोर माणूस लिहितो कशाविषयी? पहाटे उठून स्वतःच्या हाताने केलेल्या चिनी चहाविषयी! त्यात दूध घालणाऱ्यांवर तो रागावतो. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेले भांडण आणि मग जमलेली दोस्ती, याचे पुराण लावतो. आणि त्याच पत्रांत, एप्रिल १९४३ मध्ये पत्नी कलकत्त्यात वारल्याची वार्ता येते. तिच्या आजारपणात सरकारकडे रजेची याचना करायची नाही, हे त्यांनी ठरवले होते. शेवटची भेट झाली नाही.

तो चहाचा पेला हे मला नगरच्या किल्ल्यात शब्दांनी काढलेले स्थिरचित्र वाटते. ज्याच्यावर पहारा आहे त्याचे मोठे जग पहारेकऱ्याच्या ताब्यात गेलेले असते. सभा नाही, रस्ता नाही, वर्तमानपत्र नाही. हाताशी उरते ते टेबल आणि त्यावरची वस्तू. ती नीट पाहिली, तिच्याशी नीट वागले, तर तेवढी वीतभर जागा आपल्या मालकीची राहते. पिकासोचे टेबल आणि आझादांचा पेला यांच्यामध्ये हजारो मैलांचे अंतर आहे, आणि एक जण कोठडीत तर दुसरा मोकळा होता, हा फरकही लहान नाही. पण त्या वीतभर जागेचा हक्क दोघांनीही सोडला नाही.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या मुक्ततेची लढाई अगदी उंबऱ्याशी आली. पिकासो तेव्हा काही दिवस आपली लहान मुलगी माया हिच्या घरी राहायला गेला होता. अन्नाच्या टंचाईमुळे पॅरिसची माणसे खिडकीत कुंड्या ठेवून टोमॅटो लावीत. त्या घरीही तसे एक रोप होते. शहर सुटायला अवघे काही दिवस उरलेले असताना त्याने त्या रोपाची चित्रामागून चित्रे काढली. काही टोमॅटो हिरवे, काही पिकलेले, आणि फळांच्या भाराने वाकलेली फांदी. २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झाले.

ऑक्टोबरात मुक्तीनंतरचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. त्यात पिकासोची ७४ चित्रे आणि ५ शिल्पे होती. शत्रू गेला म्हणून सगळ्यांनी माळा घातल्या असतील, असे वाटेल. छे! निदर्शने झाली आणि काही चित्रे भिंतीवरून ओढून काढली गेली. परकी सत्ता गेली तरी न कळणाऱ्या चित्राचा राग जात नाही. त्याच सुमारास एका अमेरिकन बातमीदाराला पिकासोने जे सांगितले, त्याचा आशय असा: मी युद्धाचे चित्र काढले नाही, पण या चित्रांत युद्ध आहे, यात मला शंका नाही.

ते कसे आहे, हे पाहायचे असेल तर १६ फेब्रुवारी १९४५ चे चित्र घ्या. पॅरिस सुटले होते, पण युद्ध संपले नव्हते. टेबलावर तीनच वस्तू. डावीकडे सुरई, मध्ये मेणबत्ती, उजवीकडे निळ्या मुलाम्याचे पातेले. परीक्षेला मांडतात तशी साधी मांडणी. पण मी मुलांना शिकवतो ते नियम इथे मोडले आहेत. सुरईचे पोट समोरून दिसते आणि तोंड वरून. कडा जाड, काळ्या, कोपरे टोकदार. मेणबत्तीची ज्योत मऊ नाही, ती पात्यासारखी उभी आहे. वस्तू एकमेकींना चिकटत नाहीत. आणीबाणीच्या रात्री घरातली तीन माणसे दिव्याभोवती बसावीत, तशा त्या बसल्या आहेत. पातेले रिकामे आहे की भरलेले, हे दिसत नाही. वीज गेलेल्या, चूल थंड असलेल्या घरात पातेल्याकडे माणूस कसे बघतो, ते मात्र दिसते.

तीन महिन्यांनी युरोपातले युद्ध संपले. १९४७ साली पिकासोने आपली काही चित्रे फ्रान्सच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाला भेट दिली. त्यांत हे चित्रही होते. आज ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. ज्या देशाने सात वर्षांपूर्वी त्याचा नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला होता, त्या देशाला त्याने एक सुरई, एक पेटती मेणबत्ती आणि एक पातेले दिले.